पट्ट्याचं पोट

आमच्या स्किल लॅबच्या स्टॉक रजिस्टरात बेचाळीस नोंदी आहेत. प्रसूतीचं टेबल एक. बाळाच्या डमी चार. नाळेच्या कात्र्या सहा. बाळामागून पडणाऱ्या वारेचे कापडी नमुने दोन, पैकी एक उसवलेला. रजिस्टर मी लिहिते, दर सहा महिन्यांनी मीच तपासते, आणि एखादी कात्री कमी भरली तर ती सापडेपर्यंत घरी जात नाही. शालनमावशींची नोंद मात्र या रजिस्टरात कधीच झाली नाही. कॉलेजच्या कागदांत त्या सफाई कामगार होत्या. फरशी, बेसिन, खिडक्या. पण आमच्या नर्सिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, बाळंतपण करायला कुणाकडून शिकलीस? ती आधी मावशींचं नाव घेईल. मग थोडं थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून, माझं.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही आणि ते सांगायचंही नाही. बुटक्या, रुंद बांध्याच्या, उजवा पाय किंचित ओढत चालणाऱ्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा अशा चालायच्या, जुडगा नसतानाही. हातांत काचेच्या बांगड्या अकरा, डाव्यात सहा आणि उजव्यात पाच. आमच्या भागातल्या बायकांसारखं त्या ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायच्या. राहायला मंगळवार पेठेत. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, कानडी मुलखाला लागून, म्हणून कुठल्याही मुलीला त्या लाडानं ‘अव्वा’, म्हणजे कानडीत आई, म्हणायच्या. आमच्याकडं येण्याआधी त्या एका खासगी प्रसूतिगृहात आया होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई थकल्या, प्रसूतिगृह बंद झालं, आणि मावशी फरशी पुसायला आमच्याकडं आल्या.

त्या फरशीवरून टेबलावर कशा चढल्या ते सांगायचं तर आधी पट्ट्याचं पोट म्हणजे काय ते सांगायला हवं. खऱ्या बाईला हात लावण्याआधी मुलींनी लॅबमध्ये हात बसवून घ्यायचा असतो. त्यासाठी हे एक कापडी पोट. जिवंत माणसानं ते कमरेला पट्ट्यांनी बांधायचं. आत बाळ, नाळ, वार आणि लाल पाण्याची थैली. बांधणारीनं वरच्या बाजूनं आत हात घालून बाळ स्वतःच पुढं ढकलायचं. थैलीचा चिमटा सोडला की रक्त वाहू लागतं. आत स्पंजची एक गर्भपिशवीही आहे. ती मुठीत धरायची. मूठ आवळली की पिशवी कडक लागते, सोडली की मऊ. मूल झाल्यावर बाईची पिशवी आवळून कडक झाली तर रक्त थांबतं. मऊच राहिली तर वाहत राहतं, आणि तासाभरात बाई हातची जाऊ शकते. हे सगळं पट्टा बांधणारीच्या मुठीवर.

पहिल्या दिवशी एका मुलीनं पट्टा बांधला आणि ती हसतच सुटली. “मॅडम, गुदगुल्या व्हायल्यात.” तिच्या हसण्यानं बाकीच्या एकोणीसजणी हसू लागल्या. मी दोनदा टेबलावर डस्टर आपटला. कोपऱ्यात मावशी फरशी पुसत होत्या. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“अशा कळा देत्यात व्हय गं? दात काढून?”

“मग मावशी, तुम्हीच द्या की!”

मावशींनी फडकं पिळलं, बादलीच्या कडेला वाळत घातलं, हात पुसले, बांगड्या काढून रुमालात बांधल्या आणि पट्टा बांधून टेबलावर आडव्या झाल्या. आधी काहीच आवाज आला नाही. त्यांनी टेबलाची कड धरली, श्वास कोंडला, मान एका बाजूला वळली. मग जड कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा एक आवाज त्यांच्या छातीतून निघाला आणि वाढत गेला. मुलींचं हसू तिथंच विरलं. आमचा शिपाई मारुती चहाचा ट्रे घेऊन दारात आला होता. त्यानं ट्रे तसाच खाली ठेवला आणि प्राचार्यांकडं पळाला. “मॅडम, लॅबमधी कोन तरी खरंच बाळंत व्हायलंय!” प्राचार्या दोन जिने उतरून धावत आल्या. मावशींनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

“येळ हाय अजून. बसा की.”

त्या दिवसापासून फरशी सकाळी अकराच्या आत आवरायची आणि नंतर मावशी लॅबच्या, अशी व्यवस्था मी लावली.

त्यांच्या कामाची पद्धत त्यांनी स्वतःच ठरवली. माझा तिच्यात काही भाग नाही. पट्टा बांधला की त्या जाहीर करायच्या, “आज मी वंदना. दुसरी खेप. पयली पोरगी, म्हणून सासू भाईर तोंड पाडून बसलीया.” दुसऱ्या दिवशी त्या मुमताज असायच्या, मालक ट्रकवर गेलेला, फोन लागत नाही. मग रुक्मिणी, उसाच्या फडातनं थेट आलेली, पायाला अजून चिखल. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घ्यायच्या नाहीत. मी एकदा सुचवलं की दोन-तीन ठरावीक बायका करा, मुलींना सोपं पडेल.

“एकाच बाईला किती येळा बाळंत करायचं, मॅडम? जीव हाय का न्हाय तिला?”

मग मी एक दोनशे पानी वही सुरू केली. तारीख, नाव, खेप कितवी, सराव कशाचा, शेवट काय झाला. नावं वाढत गेली. मला वाटायचं, काय कल्पनाशक्ती आहे या बाईची.

त्यांचा एकच कायदा होता. मुलीनं आत यायचं, आपलं नाव सांगायचं, बाईचं नाव विचारायचं, मगच हात लावायचा. विसरली तर मावशी आतून बाळाचं डोकं घट्ट धरून ठेवायच्या. एका मुलीनं वीस मिनिटं वाट पाहिली. सगळं तपासलं, पुन्हा तपासलं, घामाघूम झाली. “मॅडम, बाळ का येईना?” मावशी कळांच्या मध्येच डोळा उघडून म्हणाल्या, “अगं, कुणाच्या पोटातनं येऊ म्हनतंय ते. नाव तरी इचार माझ्या आईचं.”

माझ्या चेकलिस्टमध्ये चोवीस पायऱ्या होत्या आणि पहिली पायरी हात धुणे. दुसऱ्या महिन्यात मी यादी नव्यानं टाइप केली. पंचवीस पायऱ्या झाल्या, हात धुणे दुसरी.

सराव संपला की आम्ही सगळ्या गोल बसून काय बरोबर, काय चुकलं ते बोलतो. मी गुण सांगायचे, मग मावशी बोलायच्या. “तू माझ्या पोटासंगं बोलत हुतीस. मी वर हाय, हितं.” “तुझा हात लई गार. आधी काखंत घालत जा.” एका मुलीला मी पंचवीसपैकी पंचवीस दिले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “समदं बरोबर केलंस व्हय? मग मला भ्या का वाटालतं?” ‘आधी बाई, मग बाळ, मग कागूद’ हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मी ते सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावायचं ठरवलं, तर म्हणाल्या, “नगं. भिताडावर लावलं की पोरी वाचत्यात आन् इसरत्यात.”

रक्ताचं त्यांना मुळीच पटायचं नाही. मी पाण्यात खायचा लाल रंग कालवायचे. “ह्ये रगात न्हाय मॅडम, सरबत हाय.” त्यांनी घरून बीट उकडून आणलं, साबुदाण्याची पेज केली, दोन्ही एकत्र करून जुन्या लुगड्याच्या घड्यांत भिजवलं आणि त्या घड्या स्वतःच्या कमरेखाली घेऊन झोपल्या. मुली ट्रेमध्ये पाहायच्या, ट्रेमध्ये थोडंसंच. “रगात सांगून जात न्हाय,” मावशी म्हणायच्या. “पाठीखाली जातंय, घडीत लपतंय.” लुगड्याची एक घडी किती पाणी पिते ते मी मोजपात्रानं मोजलं आणि तक्ता केला. तो तक्ता मात्र त्यांनी भिंतीवर लावू दिला.

आता प्रणालीविषयी. प्रणाली आजऱ्याची. आई काजूच्या कारखान्यात कामाला, वडील नाहीत. वर्गात सर्वांत हुशार आणि सर्वांत चपळ. ती याद्या करायची, चार रंगांच्या पेनांनी. लपवायचं कशाला, ती माझी लाडकी होती.

त्या दिवशी मूल झाल्यानंतरच्या रक्तस्रावाचा सराव होता. मावशींनी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, “आज मी कस्तुरा.” एवढंच. खेप कितवी, मालक काय करतो, काहीच नाही. मी वहीत लिहिलं, कस्तुरा.

प्रणालीनं नाव सांगितलं, नाव विचारलं, हात धुतले. बाळ नीट काढलं, पुसलं, वार आली, ती पूर्ण आहे का तेही पाहिलं. सगळं वेळेत. मग ती टेबलाशेजारी उभी राहून केसपेपर लिहू लागली. ट्रेमध्ये थोडं रक्त होतं. बाकीचं पाठीखाली चाललं होतं. मला दिसत होतं, पण सरावात शिक्षकानं बोलायचं नसतं.

“अव्वा, तहान लागलीया गं,” मावशी म्हणाल्या.

“देतो हं. एवढं लिहितो.”

“पाणी दे की गं.”

प्रणालीनं लिहिता लिहिताच मैत्रिणीला सांगितलं, “पाणी आण जरा.” आणि कागदावर लिहिलं, रक्तस्राव साधारण.

तिसऱ्या वेळी मावशींचा आवाज अगदी खाली आला होता. चौथ्या वेळी आलाच नाही.

घड्याळ बघून मी सराव थांबवला. “संपलं. मावशी, उठा.” मावशी उठल्या नाहीत. मुली आधी हसल्या. मावशींचे डोळे उघडे, छताकडं लागलेले. मी जवळ गेले. आतली मूठ पूर्ण सुटलेली होती.

“मावशी, उठा की. सराव संपला.”

ओठ जेमतेम हलले. “भाईर तिचा मालक बसलाय. त्येला कोन सांगनार?”

“हे आपल्या सरावात नाही.”

“मग कशात हाय?”

मी काही बोलायच्या आत प्रणाली दाराबाहेर गेली. बाहेरच्या बाकावर मारुती बसला होता, हातात नळाचा तुटका पाना. त्याला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. प्रणाली त्याच्यासमोर उभी राहिली. “मारुतीमामा… आत कस्तुराताई होत्या… त्या…” मारुतीला काय कळलं कोण जाणे. तो उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

प्रणाली लॅबमध्ये परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहातली तिची खाट रिकामी होती. माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, निळ्या पेनानं. ‘मॅडम, मला हे काम जमणार नाही. माझ्या हातून बाई गेली. मी आईसोबत कारखान्यात जाईन.’

मी स्टोअररूममध्ये गेले. मावशी लुगड्याच्या घड्या धूत होत्या. मी चढ्या आवाजात तीन मुद्दे सांगितले. एक, पेशंटचं काय होणार ते शिक्षक ठरवतो. दोन, आधी कल्पना दिल्याशिवाय सरावात कुणी मरत नाही. तीन, सराव संपला की मुलींना एकटं सोडायचं नाही, बसून बोलायचं. तिसरा मुद्दा सांगताना माझ्या लक्षात आलं की तो मीच मोडला होता. मावशी पिळत राहिल्या. लाल पाणी बेसिनमध्ये उतरत होतं.

“वहीतल्या बाया खोट्या वाटल्या व्हय तुमास्नी?” त्यांनी विचारलं.

मी दारातून एक पाऊल आत आले.

“वंदना, मुमताज, रुक्मिणी, समद्या आमच्या दवाखान्यातल्या. कळा येताना एकेकीचा पाय धरल्याला हाय मी.”

“आणि कस्तुरा?”

त्यांनी घडी झटकली, पुन्हा पाण्यात बुडवली.

“पाणी मागत हुती. मला वाटलं, बाळंतीण हाय, घसा सुकला आसंल. तहान म्हंजे तहान, एवढंच ठावं हुतं मला. बाळंतिणीला गार पाणी द्यायचं नसतंय, म्हणून तापवायला गेलतो. उकळलं. मग कोमट व्हायला थांबलो. फुकालतो की वर, लवकर निवावं म्हणून.” त्यांनी थांबून फुंकर कशी घालत होत्या ते दाखवलं. “सिस्टर पलीकडच्या टेबलावर हुत्या. एक हाक मारली आसती तर आल्या आसत्या. पाणी घिऊन आलो तर पांघरुणाखाली समदं भिजल्यालं. आन् भाईर सांगायला मलाच धाडलं.”

माझ्याकडं चौथा मुद्दा नव्हता.

“त्या पोरीचा पत्ता द्या,” मावशी म्हणाल्या.

रविवारी आम्ही दोघी आजऱ्याच्या एस.टी.त बसलो. प्रणालीशी काय बोलायचं त्याची यादी मी पर्समध्ये ठेवली होती. अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष, वाया जाणारी फी, समुपदेशन, आईशी बोलणं. मावशींनी सोबत चिवडा घेतला होता आणि वाटेत तो त्यांनी एकटीनं संपवला.

घर रस्त्यापासून आत होतं. प्रणाली ओट्यावर भाजलेल्या काजूंची साल काढत बसली होती. अख्खे एका सुपात, तुकडे दुसऱ्या. आई बाहेर आली. तिच्या बोटांची टोकं टरफलाच्या चिकानं काळी पडली होती.

“या पावणं. पर पोरीला न्ह्यायला आला आसशीला तर चा पिऊन जावा. झोपंत दचकून उठतीया ती.”

प्रणालीनं मान वर केली नाही. मावशी तिच्या शेजारी टेकल्या आणि काजू सोलू लागल्या. पहिले तीन त्यांनी मोडले.

“असं न्हाय मावशी. तुकडा झाला की भाव पडतो. हळू.”

“दाखीव की मग.”

प्रणालीनं दाखवलं. मावशींनी चौथाही मोडला आणि तोंडात टाकला. मग कुठलीही प्रस्तावना न करता त्यांनी कस्तुराची गोष्ट सांगितली, पाणी कोमट व्हायला थांबल्या होत्या तिथपर्यंत आणि त्याच्या पुढंही. आई दारातच उभी राहिली, हातात चहाची भांडी.

“तू कागूद लिवत हुतीस, मी पाणी निववत हुतो,” मावशी म्हणाल्या. “चूक एकच. पर तुझ्या हातनं गेली ती कोन? मी. आन् मी उठलो, गाडीत बसलो, चिवडा खाल्ला, आजऱ्यापतूर आलो. हात लावून बघ.” त्यांनी आपला हात तिच्या मांडीवर ठेवला. “माझ्या हातनं गेली ती न्हाय उठली. म्हणून हितं चुकायचं असतंय, अव्वा. हितं मेलेली उठतीया.”

प्रणालीनं हात बाजूला केला नाही, पण येते असंही म्हणाली नाही. माझी यादी पर्समध्येच राहिली. आईनं निघताना पिशवीभर काजूचे तुकडे बांधून दिले. परतीच्या वाटेवर मी विचारलं, “येईल का हो?”

“मला काय ठावं? मी बाईचं सांगतो, पोरींचं तुमी सांगा.”

सोमवारी आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी पहिल्या तासाला ती आपल्या जागेवर बसलेली होती, पण एकच पेन घेऊन.

पुढच्या आठवड्यात त्याच सरावाला मावशींनी पट्टा बांधला. “आज मी कस्तुरा.”

मी वहीतून डोकं वर काढलं. “मावशी, नाव दुसऱ्यांदा येतंय.”

“ही एकटीच. लिवा.”

प्रणालीला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून पुढं आली. नाव सांगितलं. नाव विचारलं. बाळ आलं, वार आली. केसपेपर टेबलाच्या टोकाला तसाच पडून राहिला.

“तहान लागलीया गं,” मावशी म्हणाल्या.

प्रणालीनं आधी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग चादर वर केली, हात सरळ कमरेखाली घातला आणि बाहेर काढला. तळवा लाल. दुसरा हात पोटावर. पिशवी मऊ. तिनं अशी हाक मारली की ती कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू गेली, “मदत पाहिजे! कस्तुराताईंचं रक्त जातंय!” मारुतीसुद्धा धावत आला. प्रणालीनं पिशवी चोळायला सुरुवात केली, एकीला इंजेक्शन सांगितलं, एकीला सलाइन, एकीला नाडी, एकीला पांघरूण. आणि ती सारखी बोलत होती. “कस्तुराताई, मी हितंच हाय. पाणी देतो. आधी हे थांबवतो, मग देतो. माझ्याकडं बघा.”

माझ्या हातात चेकलिस्ट होती. नंतर पाहिलं तर त्यावर एकही खूण केलेली नव्हती.

प्रणालीच्या हाताखाली पिशवी कडक झाली. रक्त थांबलं. मी म्हणाले, “सराव संपला.” या वेळी मी लगेच मावशींजवळ गेले, पट्टे सोडले. त्यांचा हात अजून आतच होता. डोळे मिटलेले. स्पंज त्यांनी असा आवळला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती.

“मावशी, सोडा आता.”

“सुटंना झालीया,” त्या म्हणाल्या.

प्रणालीनं त्यांचं एकेक बोट हळूहळू उघडलं, काजू सोलावा तसं. पाचही बोटं मोकळी झाल्यावर मावशींनी डोळे उघडले.

“आता पाणी द्या की गं कोन तरी. गारच द्या.”

मुलींनी कूलरवरून तांब्या भरून आणला. तो त्या उठून बसून, मध्ये न थांबता, पूर्ण प्यायल्या. मी वहीत ‘शेवट’ या रकान्यात लिहिलं, वाचली. मग आधीच्या कस्तुरासमोर ‘गेली’ लिहिलेलं होतं त्यावर पेन ठेवून विचारलं, “हे खोडू का?”

“का खोडायचं? ती गेल्तीच की.”

पुढं गुडघ्यांनी ऐकेनासं केल्यावर मावशींनी काम सोडलं. आता मुली आळीपाळीनं पट्टा बांधतात आणि बांधण्याआधी त्या वहीतलं एक नाव निवडतात. मध्यंतरी लॅबला डोळे मिचकावणारी, श्वास घेणारी मोठी डमी आली. ती बघायला मावशींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “नाव काय हिचं?” मी सांगितलं, नाव नाही, मॉडेल नंबर आहे. “मग हिला कुनी हाक मारायची कशी?” एवढं बोलून त्या चहा प्यायला बाहेर गेल्या. रजिस्टरात ती डमी त्रेचाळीस नंबरला आहे.

प्रणालीला एका आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. एका दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, “मॅडम, आज बाईनं पाणी मागितलं.” मग सगळं सांगितलं. मूल झालं होतं, सगळं ठीक दिसत होतं, आणि बाई पाणी मागू लागली. प्रणालीनं पांघरुणाखाली हात घातला. पुढचं तिनं केलं ते सगळं आमच्या यादीतलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत रक्त आटोक्यात आलं, मोठ्या दवाखान्यात नेल्यावर बाई आणि बाळ दोघंही नीट. “मावशींना सांगा,” ती म्हणाली.

मी लगेच मंगळवार पेठेत गेले. मावशी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्या क्रमानं सांगितलं. किती वाजता मूल झालं, नाडी किती होती, इंजेक्शन कधी दिलं, अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळात आली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, “नाव काय तिचं?”

मी विचारलंच नव्हतं.

“एवढ्या याद्या करताय मॅडम, आन् बाईचं नाव इचारलं न्हाईसा?”

तिथंच उभी राहून मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडासमोर, आरशासारखा. “अव्वा, मी शालनमावशी. नाव काय गं तिचं?” पलीकडून उत्तर आलं. त्यांनी ते एकदा मोठ्यानं म्हटलं. ते इथं लिहीत नाही, ती बाई आपल्या घरी आहे आणि तिचं मूल आता चालत असेल. “आन् मागनं पाणी दिलंस का?” मावशींनी विचारलं. काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मावशी हसल्या आणि फोन माझ्याकडं दिला.

“वहीत लिवा.”

वही लॅबमध्ये होती. मी नाव तळहातावर लिहून घेतलं. चहाला थांबले नाही, चार वाजता सराव होता.

गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना मागं पाहिलं. मेथीची जुडी मांडीवर तशीच होती, हात थांबलेले. मावशी रस्त्याकडं बघत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते. नाव पाठ करत होत्या.